भोक गोल, बाण तिरका

गेल्या उन्हाळ्यात दोन महिने आमच्या घरातून रद्दीवाल्याला किलोभरही पेपर गेला नाही. सगळा माझ्या चौकटीवर चढत होता. जुन्या खिडकीची मच्छरजाळी काढून उरलेली लाकडी चौकट, तिच्यावर चारी बाजूंनी टाचण्या मारून ताणून बसवलेलं वर्तमानपत्राचं पान, मागे पाच-सहा फुटांवर बट, म्हणजे बाण रुतवून घेणारा जाड ठोकळा, आणि पुढे तेवढ्याच अंतरावर धनुष्य घेऊन मी. बाण कागदातून आरपार जातो आणि जाताना कागद फाडतो. फाटलेला आकार बघायचा आणि धनुष्याचं कुठं दुखतंय ते ओळखायचं. एका रविवारी ‘वधू पाहिजे’चा अख्खा रकाना मी असा चाळण करून टाकला, तेव्हा बायको म्हणाली, “अहो, निदान लोकांची लग्नं तरी जमू द्या.”

मी साताऱ्याचा. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात टूलरूमला आहे, वय ४३. या वयात धनुष्य हातात का घेतलं, याचं उत्तर साताऱ्यात कुणाला द्यावं लागत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत आमच्या साताऱ्याची अदिती स्वामी १७ व्या वर्षी कंपाउंडची जगज्जेती झाली. त्याच दिवशी पुरुषांत ओजस देवतळेनं अंतिम लढतीत १५० पैकी १५० गुण मारले. तो नागपूरचा, पण सराव साताऱ्यातच करणारा. त्या आठवड्यात गावातली निम्मी पोरं धनुष्य मागायला लागली. माझ्यासारखे दोन-चार थोराडही त्यात होते. बाकीचे गळाले, मी राहिलो.

कंपाउंड धनुष्य कधी हातात न घेतलेल्यांसाठी थोडं सांगतो. दोन्ही टोकांना चाकं असतात, पण गोल नव्हे, लंबगोल आणि खाचा पाडलेली. त्यांना कॅम म्हणतात. स्ट्रिंग ओढली की कॅम फिरतात, केबली गुंडाळल्या जातात आणि लिंब, म्हणजे धनुष्याच्या वरच्या-खालच्या लवचिक पात्या, वाकतात. अर्ध्या वाटेवर पूर्ण वजन लागतं आणि शेवटी एकदम हलकं होतं. माझं धनुष्य ५४ पौंडांना लावलेलं आहे, पण पूर्ण ओढून नेम धरताना बोटांवर जेमतेम १३-१४ पौंड राहतात. चेनपुलीवर इंजिन उचलणाऱ्याला यात नवल वाटायचं नाही. अमेरिकेतल्या मिसूरीच्या हॉलेस विल्बर अ‍ॅलननं धनुष्याला अशी चाकं बसवली आणि १९६९ मध्ये त्याला पेटंट मिळालं. म्हणजे वस्तू तशी माझ्यापेक्षा फार थोरली नाही. यंत्रच आहे ते, आणि म्हणूनच मला वाटलं होतं की हे आपल्याला सहज जमेल. शंभराव्या मिलिमीटरात काम करणारा माणूस मी, एक धनुष्य सरळ लावता येणार नाही?

धनुष्य सेकंडहँड घेतलं, सोबत डझनभर बाण. वर्षभर मारत राहिलो. कंपाउंडला ५० मीटर अंतर, ८० सेंटिमीटरचा कागद, त्यातला दहाचा गोल फक्त ८ सेंटिमीटरचा. ७२ बाण, ७२० गुण. मी ६३० च्या आसपास येऊन थांबलो होतो. वय आणि नजर यांच्यावर खापर फोडून मोकळाही झालो होतो.

मग एका संध्याकाळी शेजारच्या लेनवर मारणारी बारावीतली मुलगी मला म्हणाली, “काका, तुमचा बाण शेपूट हलवत जातोय.”

“कसा गं?”

“मासा जातो ना पाण्यातून, तसा. मागून बघा एकदा.”

मी मागे उभा राहून माझा बाण कसा बघणार? तिनंच माझ्या मोबाइलवर स्लो मोशनमध्ये घेतला. सेकंदाला २४० चित्रं घेतली तरी बाण एका चित्रातून दुसऱ्यात जाईपर्यंत फूटभर पुढे सरकलेला असतो, त्यामुळे दिसतं ते सात-आठ चित्रांत. पण तेवढ्यात दिसलं. पहिल्या चित्रात शेपटी डावीकडे, तिसऱ्यात उजवीकडे, पाचव्यात परत डावीकडे. थोडी वरही. पिसं पुढे जाऊन त्याला सरळ करतात, पण तोवर बाणानं वेग घालवलेला असतो, आणि प्रत्येक बाण सारखा हलला तर ठीक, प्रत्येक जण आपापल्या मनानं हलला तर ५० मीटरवर त्याचे नऊ, आठ आणि सात होतात.

तिथून कागदाचं खूळ सुरू झालं.

कागद वाचणं सोपं असतं असं सगळे सांगतात. टोकाचं एक गोल भोक पडतं आणि तीन पिसांच्या तीन चिरा पडतात. चिरा भोकाभोवती सारख्या असल्या तर बाण सरळ गेला. चिरा भोकाच्या वर असतील तर शेपटी वर होती, डावीकडे असतील तर डावीकडे. माझा पहिला कागद डावीकडे आणि वर, जवळजवळ दीड इंच फाटला होता. पेपरच्या कागदालाही धागा असतो, तो एका दिशेनं सहज फाटतो आणि दुसऱ्या दिशेनं दातेरी, हे कळायला मला चार दिवस लागले. पान आडवं लावलं की फाटं (फाटलेला भाग) लांब दिसायचं, उभं लावलं की आखूड. त्यानंतर मी पान नेहमी उभंच लावायला लागलो.

शेपटी वर म्हणजे रेस्ट खाली आहे किंवा नॉक (बाणाच्या शेपटीची खाच) स्ट्रिंगवर बसते ती जागा वर आहे, यावर सगळ्यांचं एकमत. रेस्ट म्हणजे बाण ज्याच्यावर टेकतो ती पातळ पोलादी पट्टी. ती थोडी वर घेतली, उंचीचं फाटं निम्मं झालं. भांडण आहे ते डाव्या-उजव्याचं. शेपटी डावीकडे गेली तर रेस्ट उजवीकडे सरकवा, असं एका जाणत्यानं सांगितलं. दुसरा तेवढाच जाणता, तो म्हणाला डावीकडेच सरकवा, फाट्याच्या मागे जा. दोघांनी आपापल्या म्हणण्याच्या बाजूनं कागदावर बाणांच्या आकृत्या काढून दाखवल्या आणि दोन्ही आकृत्या मला पटल्या. मी आधी एक मिलिमीटर उजवीकडे सरकवली, काही फरक नाही. मग डावीकडे. एक, दोन, तीन. फाटं कमी होत गेलं. साडेचार मिलिमीटरला कागदाला असं देखणं गोल भोक पडलं की पिसांच्या तीन चिरा मर्सिडीजच्या चिन्हासारख्या दिसत होत्या. त्या पानाचा फोटो काढून मी शेजारच्या लेनवरच्या मुलीला दाखवला, मैदानावर शिकवणाऱ्या सरांना पाठवला, आणि खरं सांगायचं तर रात्री झोपताना एकदा पुन्हा पाहिला.

दुसऱ्या दिवशी ५० मीटरवर ७२ बाण मारले. ६१७.

सर माझ्यापेक्षा वयानं लहान आहेत, पण मैदानावर ते सर आणि मी शिकाऊ, हे ठरलेलं. त्यांनी फोटोवर आदल्या दिवशी काहीच उत्तर दिलं नव्हतं. गुण ऐकल्यावर विचारलं, “कागद किती लांबून मारला?”

“सहा फूट.”

“आज बारा फुटांवरून मारा.”

मारला. चिरा उजवीकडे, पाऊण इंच. आठ फुटांवरून मारला, थोड्या डावीकडे. मला वाटलं माझाच हात चुकतोय, म्हणून पुन्हा सहा फुटांवरून मारला, तर तेच देखणं गोल भोक.

सर म्हणाले, “बाण हलतोय तसाच हलतोय. सहा फुटांवर तो मधल्या जागी असतो, तेवढाच क्षण तुम्ही पकडलाय. झोपाळ्याचा फोटो मधोमध असताना काढला तर झोपाळा थांबलेला दिसतो.”

मला हे आधीच सुचायला हवं होतं. टूलरूममध्ये आम्ही एका जागी मोजून शाफ्टला सरळ म्हणत नाही, तीन जागी डायल लावतो. इथं मात्र एका भोकावर भाळलो. रेस्ट एवढी बाजूला गेली होती की बाण धनुष्यातून तिरकाच निघत होता, आणि त्या तिरकेपणानं दुसरा कुठला तरी तिरकेपणा एकाच ठिकाणी झाकला जात होता. दोन चुका एकमेकींच्या गळ्यात गळे घालून उभ्या होत्या.

“सगळं सोडा,” सर म्हणाले. “शून्यावर आणा. आणि एक वही करा. एका वेळी एकच गोष्ट हलवायची, लिहायची, मगच दुसरी.”

वही म्हणजे मुलांची दोनशे पानी. पहिल्या पानावर मी ‘धनुष्य’ लिहिलं आणि दुसऱ्या पानापासून ‘बाण’ सुरू केला, कारण सरांनी तिथूनच सुरुवात करायला सांगितली होती.

बाणाच्या ताठरपणाला स्पाइन म्हणतात. २८ इंचांवर दोन टेकू द्यायचे, मधोमध १.९४ पौंडांचं, म्हणजे सुमारे ८८० ग्रॅमचं वजन टांगायचं, आणि शाफ्ट, म्हणजे बाणाची काडी, किती वाकते ते इंचाच्या हजाराव्या भागात मोजायचं. अर्धा इंच वाकला तर ५००, त्याहून कमी वाकला तर ४५०, ४००. आकडा जेवढा लहान तेवढा बाण ताठ. माझ्या बाणांवर विकणाऱ्यानं नॉकजवळ निळे रॅप चिकटवले होते आणि नंबर त्याखाली झाकला गेला होता. सगळे ४५० आहेत, असं तो म्हणाला होता. सुट्टीच्या दिवशी साहेबांची परवानगी काढून मी बारा बाण कारखान्यात नेले. दोन व्ही-ब्लॉक, ८८० ग्रॅमची लोखंडी पेटी, हाइट गेज. नऊ बाण ११.४ मिलिमीटरच्या आसपास वाकले, तीन १२.७ च्या आसपास. ब्लेडनं रॅप खरवडले तर त्या तिघांवर छापील ५००. वर्षभर मी चांगल्या नऊ बाणांत तीन लेचेपेचे मिसळून मारत होतो आणि उडालेल्या बाणाचा दोष नजरेला देत होतो. विकणाऱ्यानं मुद्दाम केलं असेल असं नाही, त्यालाही कुणीतरी तसेच दिले असतील. पण मी? माझं कामच मोजण्याचं!

ते तीन बाण बाजूला ठेवले. एकाची पिसं काढून टाकली. ते नंतर उपयोगी पडतं असं सरांनी सांगितलं होतं आणि ते खोटं निघालं: बिनपिसांचा बाणही बाकीच्यांसारख्याच स्पाइनचा लागतो. म्हणजे सर म्हणाले होते ते बरोबरच, मीच ऐकलं नव्हतं. मग चांगल्यांपैकी एकाची पिसं काढली.

आता धनुष्य. वरच्या कॅमच्या आसापासून खालच्या कॅमच्या आसापर्यंतचं अंतर माझ्या मॉडेलला ३८ इंच असायला हवं. टेप लावला तर ३८ आणि एक सूत. वजनकाट्यावर ओढलं तर ५४ ऐवजी ५२. लिंबांचे बोल्ट कुणी हलवलेले नव्हते. म्हणजे केबली ताणल्या गेल्या होत्या. सरांनी एवढंच विचारलं, “धनुष्य गाडीत ठेवता का?” ठेवत होतो. मार्च-एप्रिलमध्ये, बंद काचांच्या गाडीत, दुपारभर, कारखान्याच्या पार्किंगला. स्ट्रिंगवरचं मेण वितळून पेटीच्या फोमला लागलेलं मी पाहिलं होतं आणि फडक्यानं पुसून टाकलं होतं.

केबली सारख्या ताणल्या गेल्या असत्या तर एक वेळ चाललं असतं. पण दोन कॅम एकाच क्षणी आपापल्या खुंटीला टेकले पाहिजेत. ते बघायला धनुष्य पूर्ण ओढून धरावं लागतं आणि ओढणाऱ्यालाच वर-खाली बघता येत नाही. यासाठी ड्रॉ बोर्ड असतो. मी तो घरीच बनवला: सागवानी फळी, वर धनुष्य अडकवायला रबर गुंडाळलेली खुंटी, खाली भंगारातली हातविंच. हँडल फिरवत हळूहळू ओढलं. खालचा कॅम टेकला तेव्हा वरचा अजून सुतभर लांब होता. एवढ्याशा फरकानं स्ट्रिंग सुटताना सरळ पुढं न जाता वर-खाली झोल खात जाते, आणि बाणाची शेपटीही तिच्याबरोबर. उंचीचं फाटं मी रेस्ट वर घेऊन निम्मं केलं होतं, ते असं वरवरचं मलम होतं.

केबलीला वेढे द्यायला धनुष्य प्रेसमध्ये दाबावं लागतं. ते घरी करायचं काम नव्हे. ज्यांच्याकडे प्रेस नाही त्यांनी बोल्ट सैल करून, गुडघ्यानं दाबून वगैरे प्रयोग करू नयेत. लिंब सुटलं तर डोळा जातो. सरांच्या प्रेसवर एका केबलीला अर्धा-अर्धा करत दोन वेढे दिले, मधेमधे काढून ड्रॉ बोर्डवर बघितलं. तिसऱ्या खेपेला दोन्ही कॅम एकदम ‘टक्’ असे टेकले. दोन आवाज ऐकू येत होते तिथं एकच आला. आसांमधलं अंतर ३८ वर आलं, वजन ५४ च्या जवळ.

रेस्ट परत मूळ जागी आणली. रायझरपासून, म्हणजे धनुष्याच्या मधल्या दांड्यापासून, बाणाच्या मध्यापर्यंत साडेवीस मिलिमीटर, व्हर्नियरनं मोजून. डी-लूपची, म्हणजे नॉकच्या मागे स्ट्रिंगला बांधलेल्या छोट्या फासाची, गाठ बाण स्ट्रिंगला काटकोनात राहील अशी बसवली. वहीत सगळं लिहिलं. आणि मगच चौकटीवर नवीन पान चढवलं.

उंचीचं फाटं गायब. डावीकडचं तसंच, इंचभर.

इथं मी तीन दिवस वाया घालवले. रेस्ट जराशी इकडं, जराशी तिकडं, फाटं हलेचना. एखादं फाटं कशालाच दाद देत नसेल तर बाण कुठंतरी घासतोय असं समजावं, हे मला त्या बारावीतल्या मुलीनंच सांगितलं. “काका, लिपस्टिक लावून बघा.” म्हणजे रेस्टच्या पट्टीला लिपस्टिक लावायची आणि बाण मारून पिसाला लाल डाग पडतो का बघायचं. काही जण पावडरचा स्प्रे मारतात. घरी आल्यावर बायकोकडे लिपस्टिक मागितली. कशाला, ते सांगितलं. तिनं माझ्याकडे बघून घेतलं आणि तळाशी उरलेली एक जुनी दिली. ती अजून माझ्या पेटीत अ‍ॅलन कीच्या शेजारी आहे.

पहिल्याच बाणाच्या डाव्या खालच्या पिसाच्या कडेला लाल रेघ! पट्टी दोन पिसांच्या बरोबर मधून जायला हवी, माझी नॉक थोडी फिरलेली होती. पक्कडीत न धरता बोटांनीच नॉक काही अंश फिरवली, पुन्हा मारलं, डाग नाही. पिसं असलेल्या सगळ्या बाणांच्या नॉक तशाच फिरवून घेतल्या आणि शाफ्टवर मार्करची बारीक खूण केली. फाटं अर्ध्या इंचावर आलं.

अर्धा इंच तरीही होताच. आता माझ्याकडे हलवायला काही उरलं नव्हतं. सरांची उंची साधारण माझ्याएवढी, हातांची लांबीही. ते म्हणाले, “द्या इकडं.” माझंच धनुष्य, माझाच बाण, माझाच कागद. त्यांनी मारला आणि गोल भोक पडलं. आठ फुटांवरून गोल, बारा फुटांवरून गोल.

मी काहीच बोललो नाही. त्यांनी माझा डावा हात धरून वर केला, उलटा केला, तळव्यावर बोट ठेवलं. “तुम्ही करवत धरता तशी धरताय मूठ.”

पंचवीस वर्षं हॅकसॉ, फाइल, ड्रिल. मूठ आवळल्याशिवाय हातात काही धरलं तर आमच्याकडे उस्ताद ओरडायचे. धनुष्याचा दांडा मात्र आवळायचा नसतो. अंगठ्याच्या मुळाशी जो मांसल भाग असतो, आयुष्यरेषेच्या आतल्या बाजूचा, तेवढ्यावर तो टेकतो आणि बाकीची बोटं नुसती लोंबकळतात. हाताची बोटांच्या पेरांची रेघ जमिनीशी साधारण ४५ अंशांत. आवळलं की स्ट्रिंग सुटताना धनुष्य मनगटाबरोबर पिळतं आणि बाणाची शेपटी बाजूला फेकली जाते. माझी चार बोटं दर बाणाला तेच करत होती, आणि मी ते लोखंडात शोधत होतो.

पण आवळलं नाही तर धनुष्य पडेल की! ही भीती बुद्धीची नव्हे, हाताची. तिच्यासाठी बुटाची नाडी कामी आली. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधून दांड्याच्या पुढून नाडीचा फास घ्यायचा, म्हणजे बाण सुटल्यावर धनुष्य पुढं उडी मारतं पण नाडीत अडकतं. पहिले काही दिवस बाण सुटायच्या क्षणी बोटं आपोआप मिटायची. सरांनी कागद, नेम, गुण सगळं बंद केलं. पाच मीटरवर कोरा बट, डोळे मिटून, दिवसाला साठ बाण. तीन आठवडे. मैदानावर इतकं कंटाळवाणं काम दुसरं नाही. शेजारच्या लेनवरच्या मुलीनं तेवढ्यात जिल्ह्याची एक स्पर्धा मारून घेतली आणि पेढे आणले. मी डोळे मिटून पेढा खाल्ला, असं ती सगळ्यांना सांगते.

एक दिवस धनुष्य पुढं झुकून नाडीत लटकलं आणि बोटं उघडीच राहिली. मग दुसऱ्या बाणालाही. त्यानंतर कागद चढवला. सहा फूट, आठ फूट, बारा फूट. डावीकडे तीन मिलिमीटर, तिन्ही अंतरांवर जवळपास तेवढंच.

“हे काढायचं का?” मी विचारलं.

“राहू द्या. कागद पुरे झाला.”

पुढची परीक्षा बिनपिसांच्या बाणाची. २० मीटरवर तीन पिसांचे आणि एक बिनपिसांचा. पिसं बाणाला सावरून घेतात, चुका झाकतात. बिनपिसांच्याला कुणी सावरत नाही, तो धनुष्यानं दिली तशीच दिशा घेऊन जातो. माझा पिसवाल्यांच्या खाली जवळजवळ एक वीत लागला आणि बटमध्ये शेपटी वर करून रुतला. शेपटी अजून थोडी वर होती तर! डी-लूप हलवण्यापेक्षा रेस्टच सोपी, म्हणून ती अर्ध्या मिलिमीटरानं वर घेतली. दुसऱ्या खेपेला चार बोटं खाली, तिसऱ्या खेपेला पिसवाल्यांच्या शेजारी येऊन बसला. डाव्या-उजव्यात तो पहिल्यापासूनच रेषेत होता, म्हणजे तीन आठवडे अगदीच पाण्यात गेले नव्हते.

मग मला सगळ्यात आवडलेला भाग आला. बटच्या वरच्या कडेला खिळा मारून मी ओळंबा सोडला. गवंड्याचा, पितळी, आमच्या आजोबांचा. दोरीच्या वरच्या टोकाशी एक नाण्याएवढा ठिपका. साइट (नेम धरायचं भिंग) २० मीटरला लावायची आणि नंतर तिला हातही लावायचा नाही. २० वरून ठिपक्यावर एक बाण. मग २५ वरून त्याच ठिपक्यावर नेम, मग ३०, ३५, ४०. लांब जाल तसा बाण खाली पडत जातो, ४० मीटरला जवळजवळ दोन फूट. पाच बाणांची उभी रांग तयार होते. ती ओळंब्याच्या दोरीबरोबर सरळ उतरली तर बाण धनुष्याच्या मध्यातून निघतो. माझी रांग खाली जाताना डावीकडे झुकत होती, ४० ला तीन बोटं. इथं मात्र जाणत्यांत मतभेद नाहीत: रांग डावीकडे कलली की रेस्ट उजवीकडे. पाव मिलिमीटर सरकवली, पुन्हा पाच बाण. आणखी पाव. तिसऱ्या रांगेला ओळंब्याची दोरी एका बाणाच्या शाफ्टवर टेकून थरथरत होती. धनुष्याची पातळी दाखवणारा साइटमधला बुडबुडा मात्र दर बाणाला मध्यावर हवा. तो जरा ढळला की ही सगळी रांग खोटी.

रेस्ट शेवटी वीस मिलिमीटरवर स्थिरावली. साडेवीसवरून निघालो, पंचवीसपर्यंत जाऊन गोल भोक पाहून आलो, आणि वीसवर येऊन थांबलो.

मेच्या शेवटी ५० मीटरवर ७२ बाण मारले. ६४८. मैदानावरची पोरं यापेक्षा चाळीस-पन्नासनं पुढं असतात. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडचा मिश्र सांघिक प्रकार येणार हे कळल्यापासून तर त्यांच्या डोळ्यांत वेगळीच चमक असते. माझं त्यांच्याशी काही देणंघेणं नाही. मला बरं वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. सात आला की आता मला माहीत असतं तो कुणाचा आहे. मोबाइलवर पुन्हा स्लो मोशन घेतला, तर पहिल्या चित्रात शेपटी किंचित हलते आणि तिसऱ्यापासून बाण काठीसारखा जातो. मुलगी म्हणाली, “मासा मेला, काका.”

तीन ५०० वाले बाण विकणाऱ्याला फोन केला होता. तो म्हणाला, “दादा, लक्षातच आलं नाही हो.” बदलून द्यायची भाषा काढली नाही. मीही ताणलं नाही. ते आता घरी दाराच्या मागे आहेत, एकानं बायको पंख्यावरची जळमटं काढते.

जूनमध्ये पाऊस लागला. मैदान बंद, छताखालच्या १८ मीटरच्या लेनवर पाळ्या. ऑगस्टमध्ये पीप साइट (स्ट्रिंगमध्ये बसवलेलं, नेम धरताना आरपार बघायचं भोक) फिरायला लागली, म्हणजे पूर्ण ओढल्यावर ते भोक डोळ्यासमोर न येता तिरकं येतं. स्ट्रिंग पुन्हा ताणली गेली असणार. या वेळी गाडीत ठेवलं नव्हतं, शपथेवर सांगतो. सरांनी स्ट्रिंगवरून अंगठा फिरवला, दोन धागे फुसकारलेले दाखवले आणि म्हणाले, “नवीन सेट मागवा.” मागवला. तो बसला की आसांचं अंतर, कॅम, डी-लूप, रेस्ट, सगळं पुन्हा पहिल्यापासून. रद्दीवाल्याला परवा बायकोनं सांगितलं, “या महिन्यात येऊ नका.”

वहीची अजून एकशे बारा पानं शिल्लक आहेत. ओळंबा बटवरून काढलेला नाही.